लेऑफच्या यादीत नाव येतं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय. कुणाची नोकरी गेलीय, कुणाच्या नवऱ्याची गेलीय, कुणाला वाटतंय आपली जाणार, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच की एवढ्या माणसांत मलाच का. मी आधी कारखान्यात आणि नंतर आयटीत एचआरचं काम केलंय, अशा याद्या तयार होताना त्या खोलीत बसलेय, म्हणून जे माहितीय ते सरळ सांगते. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढून टाकलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. हिंजवडीत एका आयटी कंपनीत १४ वर्षं होतो. शेवटच्या तीन वर्षांत एकदाही वाईट रेटिंग नाही, मध्ये एकदा अवॉर्डपण मिळालेलं. मागच्या महिन्यात एचआरने अचानक मीटिंग लावली, मॅनेजर कॅमेरा बंद करून बसलेला, म्हणाले तुमची पोझिशन आता राहिलेली नाही, राजीनामा द्या नाहीतर टर्मिनेट करावं लागेल. मी घाबरून राजीनामा टाकला. माझ्याच टीममधला माझ्यापेक्षा कमी रेटिंगवाला मुलगा अजून तिथंच आहे. नेमकं कशावरून ठरवतात हे? (एक वाचक, वाकड)

उत्तर : दादा, यादीची सुरुवात माणसांपासून होतच नाही. सुरुवात होते आकड्यापासून. वरून फायनान्सचा निरोप येतो की वर्षाअखेर खर्च इतक्याने खाली यायला पाहिजे, मग तो आकडा वाटला जातो, बँकिंगच्या युनिटला एवढा, रिटेलला एवढा, सपोर्ट फंक्शनला एवढा, आणि प्रत्येक युनिट हेडकडे एक एक्सेल शीट जाते. इथपर्यंत कुणाचंही नाव कुणी घेतलेलं नसतं.

आता यातली एक गोष्ट बाहेरच्यांना कधीच कळत नाही. ती म्हणजे टार्गेट डोक्यांचं दिलंय की पैशाचं. समजा युनिटला सांगितलं १० कोटी वाचवा. ४० लाखांचा सीटीसी (म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) असलेली २५ माणसं काढली की १० कोटी झाले. तेच ५ लाखवाल्या पोरापोरींमधून काढायचे तर २०० जणांना मीटिंगला बोलवावं लागतं, आणि काम करणारे हातच गेले तर डिलिव्हरी कोण देणार. म्हणून पैशाचं टार्गेट आलं की १२ ते २० वर्षं अनुभववाले, दोन-तीन प्रमोशन झालेले, पण अजून अगदी वर न पोचलेले लोक पहिल्यांदा दिसायला लागतात. तुम्ही नेमके तिथं उभे होतात. २०२५ च्या जुलैत टीसीएसने जाहीर केलं तेव्हाही हेच होतं बघा, ६ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांपैकी २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक, आणि तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीचे.

त्या शीटमध्ये काय असतं ते सांगते. एम्प्लॉयी कोड, नाव, ग्रेड, जॉइनिंगची तारीख, लोकेशन, वर्षाचा एकूण खर्च, प्रोजेक्ट, बिलेबल आहे की नाही (म्हणजे त्याच्या कामाचे पैसे क्लायंट देतो का), बेंचवर म्हणजे प्रोजेक्टविना असेल तर किती दिवस, मुख्य स्किल, मागच्या तीन वर्षांची रेटिंग्ज, हाताखाली किती लोक, आणि शेवटी शेऱ्याचा एक रिकामा कॉलम. मग फिल्टर लागतात. पहिला फिल्टर जवळपास नेहमी बेंचचा, कारण तिथं वाद घालायला कुणी नसतं, क्लायंट पैसे देत नाही आणि कंपनी पगार देतेय. टीसीएसनेच २०२५ च्या जूनमध्ये नियम आणला होता की वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल पाहिजेत आणि बेंच ३५ दिवसांच्या वर जाता कामा नये, इतर ठिकाणी असा लेखी आकडा नसतो पण फिल्टर तोच असतो. दुसरा फिल्टर, जे प्रोजेक्ट दोन-तीन महिन्यांत संपतायत त्यांच्यावरचे लोक. तिसरा, ज्या मॅनेजरच्या हाताखाली मोजकी माणसं आहेत ते, म्हणजे मधला थरच कमी करायचा. चौथा खर्च. या सगळ्यातून गाळून जी नावं उरली त्यात टाय झाला की मग रेटिंग बघतात.

म्हणून तो मुलगा राहिला. त्याचं रेटिंग कमी असेल पण त्याच्या नावावर क्लायंट दर महिन्याला बिल भरतोय, त्याला काढलं तर खर्चाबरोबर उत्पन्नही जातं. तुम्ही कदाचित दोन-तीन प्रोजेक्टवर थोडे थोडे होतात, को-ऑर्डिनेशन करत होतात, सगळ्यांचे प्रश्न सोडवत होतात, आणि शीटमध्ये या सगळ्याचा कॉलमच नाही. तिथं लिहिलं गेलं बिलेबल ३० टक्के. हे मला फार अन्यायाचं वाटतं, पण घडतं असंच.

आणि रेटिंगचंही तुम्ही जेवढं मानता तेवढं ते स्वच्छ नसतं. जीई या अमेरिकन कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी दरवर्षी लोकांची २०-७०-१० अशी विभागणी करायची आणि तळाच्या १० टक्क्यांना बाहेरची वाट दाखवायची पद्धत रुजवली, तिथून जगभर बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना खालचं रेटिंग द्यायचंच ही पद्धत, पसरला. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये तो प्रकार सोडला, पण आपल्याकडे कितीतरी ठिकाणी नॉर्मलायझेशनच्या नावाखाली अजून चालू आहे, टीममधले दहाच्या दहा लोक चांगले असले तरी कुणालातरी खाली ढकलावंच लागतं. त्यात बऱ्याचदा जो नवीन आलाय किंवा जो वर्षातले काही महिने रजेवर होता तो जातो.

फिल्टरनंतर शेवटी एक मीटिंग होते, युनिट हेड, एचआर, फायनान्स, कधी लीगल. काही नावं आधीच हिरवी केलेली असतात, यांना हात लावायचा नाही, कारण क्लायंटने नाव घेऊन मागितलंय किंवा एखादी जुनी सिस्टिम त्या एकालाच कळते. उरलेल्या नावांवर चर्चा होते आणि तिथं खरा फरक पडतो तो तुमच्यासाठी बोलणारं कुणी खोलीत आहे का याचा. मी बघितलंय, एका मुलीचं नाव चौथ्या फिल्टरपर्यंत आलं होतं, तिची सिनियर म्हणाली हिला काढलं तर मार्चचं रिलीज मी घेणार नाही, तुम्ही घ्या, आणि दोन मिनिटांत त्या मुलीच्या ओळीचा रंग बदलला. तिच्या खालच्या ओळीतल्या माणसाचा मॅनेजर तीन महिन्यांपूर्वी बदलला होता, नवीन मॅनेजरला त्याचं काम माहीतच नव्हतं, तो गप्प राहिला. गेल्या सहा महिन्यांत तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर बदलला होता का, हे आठवून बघा.

आता राजीनाम्याचं. राजीनामा का मागतात तर राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःहून गेलात, मग कायद्याच्या भाषेत ती कपात राहत नाही, दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई नाही, सरकारला कळवणं नाही, पेपरात आकडा नाही. यापुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते, त्याच मीटिंगमध्ये, त्याच दिवशी राजीनामा टाकू नका. एवढंच म्हणा की मला हे लेखी द्या, मी घरी विचार करून उत्तर देतो. काही जण रिलिव्हिंग लेटर नीट मिळावं म्हणून विचार करून राजीनामा देतात, तोही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही, पण मग त्याबदल्यात किती महिन्यांचा पगार, इन्शुरन्स कधीपर्यंत, लेटरमध्ये काय लिहिणार, हे आधी मेलवर घ्या.

तुमच्या बाबतीत राजीनामा दबावाखाली घेतला असं म्हणायला पुरावा लागेल. मीटिंगचं इन्व्हाइट, चॅट, त्या दिवशी तुम्ही बायकोला किंवा मित्राला पाठवलेला मेसेज, सगळं जपून ठेवा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. मॅनेजर म्हणून हुद्दा होता म्हणून हक्क नाहीत असं लगेच धरून बसू नका. कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं. खरोखर माणसं घ्यायचे-काढायचे, रजा मंजूर करायचे अधिकार होते का, की दिवसभर टेक्निकल कामच करत होतात, यावर ठरतं. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटनापण आहे, असे विषय ती सातत्याने कामगार खात्याकडे नेते.

प्रश्न : माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत ऑटो पार्टच्या कंपनीत ९ वर्षं परमनंट होते. कंपनीत १४० च्या आसपास कामगार. ऑर्डर कमी झाल्या म्हणून २० जणांना काढलं त्यात हे पण गेले. पगार २४ हजार होता. यांच्यानंतर तीन वर्षांनी लागलेला एक जण अजून कामावर आहे. विचारायला गेले तर म्हणतात मॅनेजमेंटचा निर्णय आहे. युनियन नाही. असं सिनियरला आधी काढता येतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, कारखान्यात सर्वसाधारण नियम उलटा आहे, जो शेवटी लागला तो आधी जाणार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तिच्यातही तो आहे. फक्त त्यात दोन फटी आहेत. एक म्हणजे हा नियम एका कॅटेगरीपुरता आहे. मिस्टर प्रेस शॉपला ऑपरेटर असतील आणि तो दुसरा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन असेल तर दोघांची सिनियॉरिटी वेगळी मोजली जाते, मग तक्रार टिकत नाही. दुसरी म्हणजे एकाच कॅटेगरीतसुद्धा ज्युनियरला ठेवता येतं, पण त्याची कारणं कंपनीने नोंदवून ठेवली पाहिजेत. 'मॅनेजमेंटचा निर्णय' हे कारण होत नाही. म्हणून आधी लेखी पत्र देऊन सिनियॉरिटी लिस्ट मागा, त्या कॅटेगरीतल्या सगळ्यांच्या लागल्याच्या तारखांसकट, आणि पत्राची पोच घ्या. नुसतं गेटवर जाऊन बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही.

शॉपफ्लोरवर प्रत्यक्षात निवड कशी होते तेही सांगते. सुपरवायझरला विचारतात तुझ्या लाइनला कोण नसला तर चालेल. तो मनात हिशोब करतो, कोण तीन-चार मशिन चालवतो, कोण एकाच मशिनवर बसलाय, कुणाचे खाडे जास्त, कोण ओव्हरटाइमला नाही म्हणतो, कुणाची पाठ धरते म्हणून हलकं काम मागतो. आणि कोण तोंडावर बोलतो, हेसुद्धा त्यात असतं, कागदावर मात्र कधी येत नाही. यातलं बहुस्किलचं कारण कंपनीला लेखी देता येतं, बाकीची देता येत नाहीत, म्हणून तर लेखी मागायचं.

पैशाचं बघू. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार म्हणजे २४ हजार. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, ढोबळ १२ हजार गुणिले ९ म्हणजे १ लाख ८ हजार. ग्रॅच्युइटी याच्या वर वेगळी, ती पाच वर्षं झाल्यामुळे मिळणारच. नव्या संहितेत रि-स्किलिंग (नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या) फंडाची तरतूद आहे, मालकाने त्यात १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो कपात झाल्यापासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला पाहिजे, त्याबद्दलही विचारा. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं नवी वेतन संहिता सांगते. आणि तुमच्या मिस्टरांना ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागू होतं का ते स्लिपवर बघा (पगाराची मर्यादा २१ हजारांची आहे पण काहींचं कव्हरेज वर्गणीच्या त्या पिरियडपुरतं चालू राहतं), लागू असेल तर बेकारी भत्त्याची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सध्या चालू आहे का याची ईएसआयच्या ऑफिसात चौकशी करा.

सरकारची आधी परवानगी लागते ती आता ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला, जुन्या केंद्रीय कायद्यात १०० ची मर्यादा होती. त्यामुळे १४० वाल्या कंपनीला परवानगी लागणार नाही, पण त्याने वरचं काहीच माफ होत नाही. आणखी एक, वर्षभरात कंपनीने त्याच कामाला परत माणसं घेतली तर काढलेल्यांना आधी बोलवायचं असतं. म्हणून तिथं अजून कामाला असलेल्या लोकांशी बोलणं ठेवा, गेटवर भरतीचा बोर्ड लागला की दुसऱ्या दिवशी मिस्टरांचा अर्ज तिथं गेला पाहिजे. उत्तर नाही आलं तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या, वीस जण आहात, एकत्र द्या.

हे लिहिताना मला दुसऱ्याच लोकांची आठवण येते. २० परमनंट काढले म्हणजे त्याआधी कॉन्ट्रॅक्टचे कितीतरी गेलेले असणार. त्यांची यादीसुद्धा होत नाही. कॉन्ट्रॅक्टरला फोन जातो, उद्यापासून तीस माणसं कमी पाठव, आणि सकाळी गेटपास चालत नाही.

प्रश्न : ठाण्यात राहते, फिनटेक कंपनीत होते. २६ आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपवून जॉइन झाले आणि सहाव्या आठवड्यात सांगितलं रोल रिडंडंट झालाय. माझं काम लीव्हमध्ये जिला दिलं होतं ती अजून आहे. लीव्हवर असताना काढता येत नाही म्हणून थांबले होते का? (एक वाचक)

उत्तर : शक्यता मोठी आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून प्रसूतीच्या रजेवर असताना काढणं किंवा त्या रजेत संपेल अशी नोटीस देणं बेकायदा आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते संरक्षण आहे. लीगलवाले यादी तपासताना हीच नावं आधी शोधतात, आणि शेऱ्यात लिहितात 'रजेवर, अमुक तारखेनंतर बघू'. ते 'नंतर' म्हणजे तुमचा सहावा आठवडा.

तुमच्या केसमध्ये रिडंडंट हा शब्दच तपासून बघायचा. रोल रिडंडंट म्हणजे ते काम राहिलं नाही. काम तर आहे, दुसरी बाई ते करतेय, मग राहिली नाही ती कोण? मेलवर तीन प्रश्न विचारा : माझा रोल कोणत्या तारखेला आणि कुणाच्या निर्णयाने संपला, माझं आधीचं काम आत्ता कोण करतंय, आणि या वर्षीचं रेटिंग माझ्या प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांवर दिलंय की सरासरी टाकलंय. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण अर्धं वर्ष रजेवर असलेल्या बाईला सरसकट मधलं रेटिंग टाकतात आणि पुढच्या वर्षी तेच रेटिंग यादीसाठी वापरतात. लीव्हच्या आधीच्या दोन वर्षांची अप्रेझल्स लॅपटॉप परत करायच्या आत मागून घ्या, नंतर अॅक्सेस राहत नाही. आणि हे सगळं हातात घेऊन वकिलाकडे जाच, असं गप्प बसून सोडण्यासारखं हे नाही.

प्रश्न : वर्क फ्रॉम होमवाल्यांना आधी काढतात का? आणि लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' टाकलं तर एचआर बघतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घरून काम हा फिल्टर शीटवर सहसा नसतो, पण ज्याला युनिट हेडने सहा महिन्यांत एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नाही त्याच्यासाठी मीटिंगमध्ये बोलणारं कमी असतं, तोटा तिथं होतो. कोल्हापुरातून करत असाल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ऑफिसला तोंड दाखवून या आणि मॅनेजरच्या मॅनेजरला आपलं काम माहीत असेल एवढं बघा. ओपन टू वर्क म्हणाल तर फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, तेवढं करा.

प्रश्न : न्यू जर्सीत आहे, वय ४६, एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. ग्रुप लेऑफमध्ये नाव आलं. सेव्हरन्सच्या (नोकरी संपताना मिळणाऱ्या भरपाईच्या) कागदांसोबत एक तक्ता जोडलाय, त्यात नुसत्या पोस्ट आणि वयं आहेत, नावं नाहीत. हा कशासाठी असतो? सही किती दिवसांत करू? (एक वाचक)

उत्तर : तो तक्ता टाकून देऊ नका, भारतात कुणालाही मिळत नाही अशी गोष्ट तुमच्या हातात आहे. अमेरिकेत ग्रुप लेऑफमध्ये ४० किंवा जास्त वयाच्या कर्मचाऱ्याकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देण्याची सही घ्यायची असेल तर कंपनीला सांगावं लागतं की कोणत्या गटातून निवड केली, निकष काय होते, आणि त्या गटातल्या कोणत्या पोस्टवरच्या कोणत्या वयाच्या लोकांना काढलं आणि कोणत्या वयाच्यांना ठेवलं. विचार करायला ४५ दिवस मिळतात आणि सही केल्यावरही ७ दिवसांत माघार घेता येते. तेव्हा घाई नाही. कागद-पेन घेऊन तुमच्या पोस्टसमोर दोन रकाने करा, गेलेले आणि राहिलेले, आणि वयं मांडा. गेलेल्यांत सगळे ४५ च्या वरचे आणि राहिलेले सगळे तिशीतले दिसले तर एम्प्लॉयमेंट अॅटर्नीला दाखवल्याशिवाय सही करू नका, निदान रक्कम वाढवून मागायला तरी आधार मिळतो.

तुमची खरी घाई व्हिसाची आहे. नोकरी संपल्यापासून ६० दिवस मिळतात (आय-९४, म्हणजे देशात राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच), आणि मोजणी साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तिथून धरतात. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठ्या कपातीत अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ६० दिवसांची आणि न्यू जर्सीच्या कायद्याने ९० दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागते, त्या काळात तुम्हाला पगारपत्रकावर ठेवलं तर तेवढा वेळ हातात वाढतो. म्हणून एकरकमी पैसे घेण्यापेक्षा मला पेरोलवर ठेवून शेवटची तारीख पुढे न्या, अशी मागणी आधी करा. सेव्हरन्सची रक्कम नंतर बोलता येईल, तारीख एकदा गेली की गेली.

प्रश्न : खराडीत टीम लीड आहे, टीममध्ये ८ जण. मॅनेजरने शुक्रवारी सांगितलं सोमवारपर्यंत दोन नावं दे, कुणाला सांगायचं नाही. आठही जण चांगले आहेत. एकाच्या घरी वडिलांचं डायलिसिस चालू आहे, एकीचं नुकतंच लग्न ठरलंय, एक जण दोन वर्षांत फारसा पुढे गेला नाही पण कामाला कधी नाही म्हणत नाही. मी नाव कुणाचं देऊ? झोप लागत नाही. (एक वाचक)

उत्तर : दादा, नावं देण्याआधी आकड्यावर बोला. तुम्हाला दोन हा आकडा मिळाला तो तुमच्या टीमकडे बघून आलेला नाही, वाटपात आलाय, आणि वाटप बदलतं. मॅनेजरला मेल करा की या आठांपैकी कोण कोणत्या डिलिव्हरीवर आहे, दोन गेले तर कोणतं काम कोणत्या तारखेला थांबेल. भावनेवर एक ओळसुद्धा नको, तारखा आणि क्लायंटची नावं. असं मांडल्यावर दोनाचा एक झालेला मी पाहिलाय. दुसरं विचारायचं ते हे, की दुसऱ्या प्रोजेक्टला ओपनिंग आहे का, दोघांना तिकडे हलवता येईल का. बेंचवर टाकण्याआधी हलवणं सोपं असतं. आणि कुणी आपणहून जायला तयार असेल तर त्याला पॅकेज देता येईल का, हेही विचारा. दरवेळी असं कुणीतरी निघतं, कुणाला गावी जायचंय, कुणाकडे दुसरी ऑफर आहे.

एवढं करूनही नाव द्यायचीच वेळ आली तर निकष आधी लिहा आणि नावं नंतर. आठ नावं समोर ठेवून निकष शोधायला गेलात तर नकळत ज्याच्याशी कमी पटतं त्याच्यावर बोट जाईल. जिथं हे कायद्याने नीट बांधलंय तिथं काय करतात ते बघा. ब्रिटनमध्ये आधी गट ठरतो, मग ठरलेल्या निकषांवर प्रत्येकाला गुण देतात, आणि त्या माणसाला बोलावून त्याच्या गुणांवर त्याला बोलायची संधी देतात, २० किंवा जास्त लोक असतील तर पहिल्याला काढायच्या निदान ३० दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते, १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी. जर्मनीत तर सारखं काम करणाऱ्यांमध्ये चार गोष्टी बघायला लागतात : किती वर्षं नोकरी झाली, वय, घरात कितीजण अवलंबून आहेत, आणि गंभीर अपंगत्व आहे का. म्हणजे वडिलांच्या डायलिसिसने तुमची झोप उडाली यात तुमचं काही चुकत नाही, एका मोठ्या औद्योगिक देशाने घरची जबाबदारी कायद्यातच लिहून ठेवलीय. आपल्याकडे शीटवर तो कॉलम नाही, पण तोंडी तुम्ही ते मांडू शकता आणि मांडायला पाहिजे. फक्त त्याची परवानगी असेल तरच घरचा तपशील सांगा, नाहीतर एवढंच म्हणा की याला या क्षणी काढू नका, मेडिक्लेम त्याच्या नोकरीवर आहे.

लग्न ठरलंय हा मुद्दा मात्र कुठल्याच बाजूने आणू नका. मुलगी लग्न करून जाणारच असं म्हणून तिचं नाव पुढे करणारे लोक मी पाहिलेत, ते ऐकून घेऊ नका. आणि जो पुढे गेला नाही पण कधी नाही म्हणत नाही, त्याच्याबद्दल स्वतःला विचारा की त्याला दोन वर्षांत नवीन काही शिकायला दिलं होतं का, की नाही म्हणत नाही म्हणून सगळं जुनं काम त्याच्याच अंगावर टाकलं. तसं असेल तर त्याचं स्किल जुनं राहिलं हे कारण तुम्ही लिहू नये.

ज्यांची नावं जातील त्यांना तो निरोप तुमच्या तोंडून कळला पाहिजे, एचआरच्या इन्व्हाइटमधून कळता कामा नये. गुप्ततेचा नियम तुम्हाला आधी सांगू देणार नाही, पण मीटिंगमध्ये मी हजर असणार आणि मीच बोलणार, एवढं मॅनेजरकडे आग्रहाने मागा. कॅमेरा चालू ठेवा. तुझं काम कमी पडलं असं काहीतरी सांगून स्वतःची सुटका करून घेऊ नका, कारण खरं ते नाहीये. निकष काय होते ते सांगा. आणि रविवारीच दोन गोष्टी तयार करून ठेवा, दोघांसाठी शिफारसपत्र, आणि तुमच्या ओळखीत कुठं कुठं भरती चालू आहे त्याची नावानंबरांसकट यादी. त्यांना सांगितलं जाईल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या पर्सनल मेलवर गेलेली असू दे, ऑफिसचा मेल तोपर्यंत बंद झालेला असेल.